मजल आणि अंतर : लंडन–सिडनी हवाईमार्गाची शंभर वर्षे (१९१९–२०१९)

(१) प्रश्नाचे स्वरूप

लंडन आणि सिडनी या दोन नगरांच्या विमानतळांमधील अंतर किती, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही भौगोलिक कोष्टकात सहज सापडते. ते सुमारे १७,००० किलोमीटर, म्हणजेच सुमारे ९,२०० नाविक मैल आहे. पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर असल्यामुळे तिच्या पाठीवरील कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून २०,००० किलोमीटरांहून फारशी दूर असू शकत नाहीत. या दृष्टीने पाहता लंडन व सिडनी ही जवळजवळ परस्परविरुद्ध टोकांची नगरे होत.

कोष्टकातील हा आकडा महावर्तुळाच्या गणिताने काढलेला असतो. गोलावरील दोन बिंदू आणि गोलाचा मध्य यांमधून जाणारे प्रतल गोलाच्या पृष्ठावर जे वर्तुळ कोरते, त्याचा लहान कंस हाच त्या दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग होय. लंडन–सिडनीचा हा कंस काढून पाहिला असता तो उत्तर युरोप ओलांडून रशिया व कझाकस्तान यांच्या भूमीवरून जातो. त्याचा मध्यबिंदू चीनच्या नैर्ऋत्य भागात पडतो. पुढे दक्षिण चिनी समुद्र आणि इंडोनेशियाची पूर्वेकडील बेटे यांवरून तो ऑस्ट्रेलियात उतरतो. भारताला तो स्पर्शही करीत नाही.

आणि तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनहून ऑस्ट्रेलियास जाणारे जवळजवळ प्रत्येक विमान कराची, अलाहाबाद, कलकत्ता अशा मार्गानेच गेले. भूमितीने दाखविलेल्या वाटेवरून त्या काळातील एकही नियमित सेवा चालली नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच विरोध आहे. दोन विमानतळांमधील अंतर व तेथे पोचण्यास लागणारा काळ या गोष्टी केवळ भूगोलाने किंवा यंत्राच्या वेगाने ठरलेल्या नाहीत. विमानाला कोठे उतरावे लागते आणि कोठे उतरू दिले जाते, यांनी त्या ठरविल्या आहेत, असे या मार्गाच्या शंभर वर्षांच्या इतिहासावरून दिसून येते.

(२) ‘मजल’ या शब्दाची साक्ष

प्रवासाचे माप सांगण्यासाठी मराठीत जे जुने शब्द आहेत, त्यांपैकी ‘मजल’ हा शब्द या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. तो अरबीतील ‘मंझिल’ या शब्दापासून फारसीच्या द्वारे आला. त्या शब्दाच्या मूळ धातूचा अर्थ ‘उतरणे’ असा आहे. वाटसरू जनावरावरून जेथे उतरतो ती जागा म्हणजे मंझिल. पुढे दोन उतारांमधील वाटचालीसही तोच शब्द लागू झाला आणि एका दिवसात होणारी चाल असा अर्थ मराठीत रूढ झाला. ‘मजल दरमजल’ या प्रयोगात हाच अर्थ आहे.

एका मजलेत किती कोस पडतात, हा प्रश्न जुन्या वाटसरूला गौण होता. घाट असेल तर मजल लहान, सपाटी असेल तर मोठी. खुद्द कोसाची लांबीही प्रांतोप्रांती निराळी होती. मजल या मापात अंतर, काळ आणि मुक्काम ही तिन्ही एकत्र नांदत होती. इंग्रजीत प्रवासाला ‘जर्नी’ म्हणतात; तो शब्दही फ्रेंचमधील दिवसवाचक शब्दावरून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘एका दिवसाची चाल’ असाच होता. दूरच्या दोन भाषांनी प्रवासाचे मोजमाप दिवसाने व मुक्कामाने करावे, हे सहजच आहे. कारण पायी अथवा जनावरावरून जाणाऱ्या माणसाचा अनुभव दोन्हीकडे सारखाच होता.

आधुनिक वाहतुकीने अंतर आणि काळ यांची फारकत केली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु हवाई वाहतुकीच्या आरंभीच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे हे विधान जपून करावे लागते. विमानाचा पहिला दीर्घ प्रवास हा अक्षरशः मजल दरमजल झालेला प्रवास होता.

(३) पहिले उड्डाण : १९१९–२०

पहिले महायुद्ध संपल्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या सरकारने एक पारितोषिक जाहीर केले. ब्रिटनहून ऑस्ट्रेलियापर्यंत तीस दिवसांच्या आत उड्डाण करणाऱ्या ऑस्ट्रेलियन वैमानिकांस १०,००० पौंड मिळावयाचे होते. रॉस स्मिथ व कीथ स्मिथ हे बंधू आणि जेम्स बेनेट व वॉल्टर शियर्स हे दोन यंत्रज्ञ अशा चौघांनी व्हिकर्स विमी जातीच्या दोन एंजिनांच्या विमानातून १२ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनजवळील हाउन्स्लो येथून प्रस्थान केले. १० डिसेंबर रोजी ते डार्विनला उतरले. प्रवासास सत्तावीस दिवस वीस तास लागले. मार्गाची लांबी सुमारे १८,००० किलोमीटर होती.

त्यांचा मार्ग फ्रान्स, इटली, क्रीट, कैरो, दमास्कस, बसरा, बंदर अब्बास, कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता, रंगून, सिंगापूर, जावा आणि तिमोर असा होता. या यादीकडे पाहिले की मार्गाचे तर्कशास्त्र उलगडते. एका दमात विमान जेवढे जाऊ शकेल तेवढ्या अंतरावर मोकळे मैदान, पेट्रोल आणि मदतीस माणसे हवीत. आणि तेथील सत्ता अनुकूल हवी. युद्धानंतरच्या त्या वर्षी या सर्व अटी पुऱ्या करणारी भूमी ब्रिटिश साम्राज्याच्या व त्याच्या मित्रराष्ट्रांच्या ताब्यातील प्रदेशांतून सलग मिळत होती. ही वाट नकाशावरची जवळची वाट नव्हती, उतरता येईल अशी वाट होती.

या सत्तावीस दिवस वीस तासांपैकी विमान प्रत्यक्ष हवेत होते ते सुमारे १३५ तास. एकूण काळ सुमारे ६६८ तासांचा. म्हणजे प्रवासाचा जेमतेम एक-पंचमांश भाग उड्डाणाचा आणि चार-पंचमांश भाग जमिनीवरचा होता. जमिनीवरील हा काळ विश्रांतीचा नव्हता. यंत्राची निगा, पेट्रोल गाळून टाक्यांत भरणे, पावसाची वाट पाहणे आणि चिखलातून विमान बाहेर काढणे यांत तो गेला. जावा बेटावरील सुराबाया येथे विमानाची चाके चिखलात रुतली, तेव्हा आसपासच्या वस्तीतून बांबूच्या चटया गोळा करून त्यांची धावपट्टी अंथरावी लागली. त्या चटया ज्यांनी आपल्या घरांतून आणून दिल्या, त्यांचाही या विक्रमात वाटा आहे.

आणखी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. डार्विन हे ऑस्ट्रेलियाचे उत्तर टोक आहे. तेथून सिडनीस पोचण्यास याच विमानाला फेब्रुवारी १९२० उजाडला. लंडन ते डार्विन हे अर्ध्या पृथ्वीचे अंतर चार आठवड्यांत, आणि डार्विन ते सिडनी हे एकाच देशातील अंतर सुमारे दोन महिन्यांत! कारण साधे होते. विमान व त्याची एंजिने थकली होती, आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात दुरुस्तीची सोय नव्हती. किलोमीटरांच्या भाषेत दुसरा टप्पा लहान होता. मजलेच्या भाषेत तो दुप्पट लांब होता.

(४) परवानगीचे अंतर : १९२९–१९३५

स्मिथ बंधूंच्या उड्डाणाच्या सुमारे महिनाभर आधी, १३ ऑक्टोबर १९१९ रोजी, पॅरिस येथे हवाई वाहतुकीसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या होत्या. प्रत्येक राष्ट्राला स्वतःच्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण व अनन्य स्वामित्व आहे, हे तत्त्व त्या कराराने मान्य केले. १९४४ च्या शिकागो कराराने त्याचाच पुनरुच्चार केला. आकाश हे समुद्रासारखे सर्वांना मोकळे नाही, हे एकदा ठरल्यावर विमानाच्या मार्गात भूमिती आणि इंधन यांच्या जोडीला परवानगी हा तिसरा घटक कायमचा दाखल झाला.

त्याचा परिणाम पहिल्या नियमित सेवेतच दिसतो. इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची सेवा सुरू केली. सात दिवसांच्या या ‘हवाई’ प्रवासात स्वित्झर्लंडमधील बाझेलपासून इटलीतील जिनोआपर्यंतचा भाग उतारूंना आगगाडीने करावा लागे. आल्प्सचा अडथळा आणि इटलीच्या हद्दीतील उड्डाणाबाबतचे मतभेद ही त्याची कारणे होत. जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत जलविमान आणि तेथून कराचीपर्यंत पुन्हा जमिनीवरून उडणारे विमान, अशी वाहने बदलत प्रवास होई. पुढे इराणशी बोलणी फिसकटल्यामुळे १९३२ मध्ये हा मार्ग इराणी आखाताच्या उत्तर किनाऱ्यावरून उचलून दक्षिणेकडील अरबी किनाऱ्यावर न्यावा लागला, आणि शारजा या छोट्या शेखशाहीत विमानतळ व उतारूंसाठी तटबंदीचे विश्रामगृह उभे राहिले. तेहरानमधील एका नकारामुळे शारजा जागतिक मार्गावर आले.

याच सेवेशी मुंबईचा संबंध जोडला गेला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले; पुढे ते बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. लंडनहून कराचीस येणारे टपाल दक्षिणेकडे नेण्याची ही व्यवस्था होती. भारतीय नागरी हवाई वाहतुकीचा हा आरंभ स्वतंत्र घटना म्हणून सांगितला जातो. परंतु वस्तुतः तो लंडन–ऑस्ट्रेलिया या मोठ्या मार्गाच्या कराची या मुक्कामावर फुटलेला फाटा होता.

मुख्य मार्ग १९३३ मध्ये कलकत्ता, रंगून व सिंगापूर असा पुढे सरकला. जानेवारी १९३४ मध्ये क्वांटास आणि इंपीरियल एअरवेज यांनी मिळून क्वांटास एम्पायर एअरवेज ही कंपनी स्थापन केली आणि सिंगापूर ते ब्रिस्बेन हा भाग तिच्याकडे आला. डिसेंबर १९३४ मध्ये टपाल आणि एप्रिल १९३५ मध्ये उतारू लंडन ते ब्रिस्बेन जाऊ लागले. प्रवासास साडेबारा दिवस लागत.

येथे एक तुलना करणे आवश्यक आहे. ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंडमधील मिल्डनहॉलपासून मेलबर्नपर्यंत विमानांची शर्यत झाली. बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन आणि चार्लव्हिल येथे उतरणे सक्तीचे होते. स्कॉट व ब्लॅक या वैमानिकांनी हे अंतर सुमारे ७१ तासांत काटले. त्यांच्या विमानाची बांधणी केवळ शर्यतीसाठी झाली होती, असा आक्षेप घेता येईल. परंतु दुसऱ्या क्रमांकावर आलेले डच कंपनीचे डी. सी. २ हे उतारूंचे विमान होते, त्यात टपाल व उतारूही होते, आणि तरी ते सुमारे नव्वद तासांत पोचले. अवघ्या सहा महिन्यांनंतर सुरू झालेल्या नियमित सेवेला मात्र साडेबारा दिवस, म्हणजे तीनशे तास लागत होते. विमाने चार दिवसांत जाऊ शकत होती. उरलेले आठ-नऊ दिवस रात्रीचे मुक्काम, ठिकठिकाणची टपालाची देवघेव आणि वाहनबदल यांचे होते. अंतर तेच, युग तेच. काळ तिपटीहून अधिक.

(५) जलविमानांचा काळ : १९३८–१९४२

जुलै १९३८ मध्ये शॉर्ट कंपनीची सी-वर्गीय जलविमाने या मार्गावर आली आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टन बंदरापासून सिडनीच्या रोझ बे या खाडीपर्यंत सलग सेवा सुरू झाली. साम्राज्यातील पत्रे जादा आकार न घेता विमानाने पाठविण्याच्या योजनेसाठी ही मोठी विमाने बांधली गेली होती. जलविमानाला धावपट्टी लागत नाही. विस्तीर्ण व शांत पाणी पुरते. त्यामुळे मार्गावरील ठिकाणे पुन्हा बदलली. कराचीनंतर मेवाडातील राजसमंद तलाव, शिंद्यांच्या ग्वाल्हेर राज्यातील तलाव, अलाहाबादची यमुना आणि कलकत्त्याची हुगळी अशी पाण्याची शृंखला तयार झाली. सतराव्या शतकात मेवाडच्या महाराण्याने बांधविलेला राजसमंद तलाव विसाव्या शतकात लंडन–सिडनी मार्गावरील मुक्काम झाला, ही गोष्ट मार्गांच्या इतिहासात अपवादात्मक नाही. वाटा नवीन असतात. पाणवठे जुनेच राहतात.

हा प्रवास सुमारे दहा दिवसांचा असून त्यात तीसच्या आसपास उतार होते. उड्डाण दिवसा होई आणि रात्री उतारू पथिकाश्रमात झोपत. या विमानांचा वेग तासी सुमारे २६० किलोमीटर होता. मार्गाची लांबी ढोबळपणे २०,००० किलोमीटर धरली, तर उड्डाणाचे तास ८० च्या आतच भरतात. म्हणजे २४० तासांच्या प्रवासात दोन-तृतीयांश काळ अजूनही जमिनीवरचा, किंबहुना पाण्यावरचा, होता. ‘मजल’ या शब्दाचा मूळ अर्थ या विमानांना तंतोतंत लागू पडतो. रोज उतरावयाचे, मुक्काम करावयाचा आणि पहाटे पुढची मजल मारावयाची.

(६) भूमी हातची गेल्यावर : १९४२–१९४५

ज्या आधारावर हा मार्ग उभा होता, तो आधार काढून घेतला असता काय होते, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाने दिले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्रावरील भाग बंद झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि पूर्वेकडील भाग तुटला. इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांमधील किलोमीटर तेवढेच राहिले. परंतु हवाईमार्गाच्या दृष्टीने ऑस्ट्रेलिया एकाकी पडला.

हा तुटलेला दुवा १९४३ च्या मध्यास समुद्रावरून जोडण्यात आला. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ आणि सिलोनच्या दक्षिण किनाऱ्यावरील कोग्गला यांमध्ये कॅटलिना जलविमाने विनाथांबा उडू लागली. अंतर सुमारे ३,५०० नाविक मैल, म्हणजे ६,५०० किलोमीटर. विमानाचा वेग मंद असल्यामुळे हवेत साधारणतः २८ ते ३२ तास काढावे लागत. इंधनाने भरलेल्या विमानात तीनच उतारूंना जागा मिळे. शत्रूच्या टापूतून जाताना बिनतारी संदेश देता येत नसत. ताऱ्यांच्या वेधांवरून मार्ग ठरविला जाई. एकाच उड्डाणात उतारूंना दोनदा सूर्योदय दिसत असल्यामुळे या सेवेला ‘दुहेरी सूर्योदय’ असे नाव पडले. जुलै १९४५ पर्यंत या मार्गावर २७१ फेऱ्या झाल्या आणि एकही विमान गमावले गेले नाही.

या प्रकरणाचे महत्त्व केवळ धाडसाचे नाही. न उतरता दीर्घकाळ उडण्याचे तंत्र वेगाच्या आग्रहातून आलेले नसून उतरण्यास जागा न उरल्यामुळे आले, हे येथे स्पष्ट दिसते. कॅटलिना हे त्या काळातील मंद विमानांपैकी एक होते. त्याने साधले ते वेगाने नव्हे, मुक्काम टाळून.

(७) मुक्कामांचा ऱ्हास : १९४७–१९५९

युद्धानंतर १ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटासचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान २९ उतारू घेऊन सिडनीहून लंडनला निघाले. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो आणि ट्रिपोली असे सहाच थांबे त्याने घेतले. सिंगापूर व कैरो येथे रात्रीचा मुक्काम झाला. प्रवास चार दिवसांचा होता. जलविमानांच्या तीस उतारांवरून सहांवर आलेली ही घट दहा दिवसांवरून चारांवर आलेल्या काळाचे मोठे कारण होय. भारतीय उपखंडापुरते बोलावयाचे तर कराचीपासून कलकत्त्यापर्यंत १९३८ मध्ये पाच ठिकाणी विमान उतरत होते; १९४७ मध्ये दोनच ठिकाणे उरली. राजसमंद, ग्वाल्हेर आणि अलाहाबाद ही नावे जागतिक वेळापत्रकातून गळाली.

या मार्गास ‘कांगारू मार्ग’ हे नाव मिळाले. ते अर्थातच उड्या मारीत जाण्यावरून पडले. पुढे उड्या कमी होत गेल्या आणि नाव मात्र टिकून राहिले. शब्द हे वस्तूंपेक्षा चिवट असतात, याचे हे एक चांगले उदाहरण होय.

१९५९ मध्ये जेट एंजिनांची बोइंग ७०७ विमाने या मार्गावर आली आणि प्रवासकाळ चौतीस तासांच्या आसपास आला. तासी सुमारे ९०० किलोमीटर हा वेग तेव्हाच गाठला गेला. त्यानंतर या मार्गावरील उतारू विमानांच्या वेगात लक्षणीय वाढ झालेली नाही. असे असूनही प्रवासकाळ पुढेही घटत गेला, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे. मुक्काम तर १९५९ पूर्वीच संपत आले होते. आता थांबेही एकेक करून नाहीसे होऊ लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगापूर किंवा बँकॉक येथील एकच थांबा पुरेसा झाला.

(८) विनाथांबा : १९८९–२०२४

१६–१७ ऑगस्ट १९८९ रोजी क्वांटासचे नवे बोइंग ७४७-४०० विमान लंडनहून सिडनीपर्यंत कोठेही न उतरता गेले. वेळ लागला वीस तास नऊ मिनिटे. परंतु हे उतारूंचे व्यापारी उड्डाण नव्हते. विमानात मोजकीच माणसे होती, विशेष घनतेचे इंधन भरले होते, आणि एंजिनांनी धावपट्टीपर्यंत जाण्यातही इंधन खर्चू नये म्हणून विमान ओढत नेले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेच अंतर बोइंग ७८७-९ विमानाने एकोणीस तास एकोणीस मिनिटांत पार केले. त्याही वेळी विमानात सुमारे पन्नासच माणसे होती. एवढ्या दीर्घ उड्डाणाचा माणसाच्या शरीरावर होणारा परिणाम तपासणे हा हेतू होता. त्याचा उडालेला मार्ग सुमारे १७,८०० किलोमीटर भरला, म्हणजे महावर्तुळापेक्षा सुमारे आठशे किलोमीटर अधिक.

दरम्यान मार्च २०१८ मध्ये पर्थ ते लंडन ही सुमारे १४,५०० किलोमीटरांची विनाथांबा नियमित सेवा सुरू झाली. ऑस्ट्रेलिया व युरोप यांना जोडणारी ती पहिलीच अशी सेवा होय. एप्रिल २०२४ मध्ये पश्चिम आशियातील तणावामुळे इराणचे आकाश टाळावे लागले, तेव्हा काही काळ पर्थहून लंडनला जाणारे विमान सिंगापूरला उतरून इंधन घेऊ लागले. लंडनहून पर्थला येणारे मात्र न थांबताच येत राहिले. याचे कारण वारा. या अक्षांशांवर उंचावरील वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे पूर्वेकडे येणाऱ्या विमानास ते साह्य करतात आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यास विरोध. दोन विमानतळ तेच, विमान तेच. तरी जाण्याचे अंतर आणि येण्याचे अंतर निराळे. १९३२ मध्ये इराणच्या नकाराने मार्ग शारजाकडे वळला होता. ब्याण्णव वर्षांनंतर, विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवरून उडत असतानाही, इराणच्या भूमीने मार्ग वळविलाच.

लंडन–सिडनी विनाथांबा सेवेसाठी क्वांटासने २०२२ मध्ये एअरबस ए-३५०-१००० जातीच्या बारा विमानांची मागणी नोंदविली. २०,००० लिटरची जादा टाकी आणि त्यासाठी कमी केलेली आसने हे त्यांचे वैशिष्ट्य. या योजनेला ‘सूर्योदय’ हे नाव देण्यात आले. ते १९४३ च्या कॅटलिना विमानांच्या स्मरणार्थ आहे. त्याच २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेन युद्धामुळे ब्रिटन व रशिया यांनी आपापली आकाशे एकमेकांच्या विमानांना बंद केली, आणि भूमितीने दाखविलेली जवळची वाट ब्रिटिश विमानांना पुन्हा एकदा परकी झाली.

(९) हिशेब

१९१९ आणि २०१९ या दोन टोकांची तुलना केली असता एक सुबक हिशेब हाती येतो. १९१९ मध्ये एकूण ६६८ तास लागले. २०१९ मध्ये १९.३ तास. म्हणजे काळ सुमारे पस्तीस पटींनी घटला. आता केवळ हवेतील तास पाहू जाता १९१९ चे १३५ तास २०१९ मध्ये १९.३ वर आले. ही घट सुमारे सात पटींची. पस्तीसपैकी सात पटी विमानाच्या हवेतील प्रगतीच्या खात्यावर जातात. उरलेला पाचाचा गुणक जमिनीवरील काळ नाहीसा होण्याचा आहे.

दोन्ही मार्गांची लांबी जवळजवळ सारखी असल्यामुळे ही तुलना अप्रस्तुत ठरत नाही. उलट १९१९ चा आकडा डार्विनपर्यंतचाच आहे हे लक्षात घेता पाचाचा गुणक कमीच धरला आहे. जमिनीवरील काळ घटण्यामागे मोठ्या टाक्या व काटकसरीची एंजिने होती, तेव्हा त्याचे श्रेयही यंत्रालाच द्यावे, असे कोणी म्हणेल. ते काही अंशी खरे आहे. परंतु १९३४–३५ ची तुलना दाखविते की यंत्र सज्ज असूनही व्यवस्था मंद असू शकते. आणि २०२४ चे उदाहरण दाखविते की यंत्र समर्थ असूनही परवानगी ते अडवू शकते. वेगाचा इतिहास लिहिणे सोपे आहे, कारण वेग आकड्यांत मांडता येतो. मुक्कामांचा इतिहास लिहिणे कठीण आहे. कारण तो तलाव, विश्रामगृहे, करारनामे आणि चिखलातील चटया यांमध्ये विखुरलेला आहे.

(१०) समारोप

या विवेचनातून अभ्यासकांना दोन सूचना निघतात. पहिली साधनांविषयी. जुन्या वेळापत्रकांत दिलेले ‘अंतर’ बहुधा टप्प्याटप्प्यांच्या बेरजेचे असते, आधुनिक कोष्टकांतील अंतर महावर्तुळाचे असते, आणि प्रत्यक्ष उड्डाणाचे अंतर या दोहोंहून निराळे असते. काळाच्या बाबतीतही हवेतील तास, निघाल्यापासून पोचेपर्यंतचे तास आणि स्थानिक घड्याळांतील फरक या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. लंडन व सिडनी यांच्या घड्याळांत ऋतूप्रमाणे नऊ ते अकरा तासांचा फरक पडतो. यांपैकी कोणता आकडा हाती आहे, हे ठरविल्याशिवाय केलेली तुलना निरर्थक होय.

दुसरी सूचना इतिहासदृष्टीविषयी. अंतर घटले म्हणजे सर्वांचेच घटले, असे नाही. लंडन व सिडनी एकमेकांच्या जवळ आली ती मधल्या गावांना वगळून. १९३४ च्या शर्यतीतील सक्तीच्या पाच थांब्यांपैकी एक अलाहाबाद होते. शर्यतीतील प्रत्येक स्पर्धकाला तेथे उतरणे भाग होते. पुढील पंचवीस वर्षांच्या आतच त्या मार्गावरील विमाने अलाहाबादच्या डोक्यावरून, त्याची दखल न घेता जाऊ लागली. त्या नगरापासून लंडनचे अंतर किलोमीटरांत रेसभरही वाढले नाही, परंतु मजलांत ते वाढले. ‘विनाथांबा’ या शब्दाची घडणच नकारात्मक आहे. थांबा हे गृहीत धरून तो वगळल्याचे तो सांगतो. जे वगळले गेले त्याची नोंद ठेवणे हे इतिहासाचे काम आहे, आणि लंडन–सिडनी मार्गाच्या बाबतीत त्यातील बराच भाग भारतीय उपखंडाच्या भूमीवर अद्याप शोधावयाचा आहे.